घोंगडीसकट माप

७ जाने.
कवठे येमाईचे आबा आले, मुलाच्या गाडीतून. दौंडला माझ्या दुकानात पोचेपर्यंत कुडकुडत. त्यांची बोल्टची रायफल चार किलोची. डाव्या हातातलं बळ गेलंय, नळी खाली जाते. "हलकी करून दे मिस्तरी. डुकरं मका लोळवत्यात आन् मी नुस्ता बघत बसतो." परवाना, वनखात्याचं पत्र, सगळं जागेवर. मुलगा बबन म्हणाला, "चाचा, ह्यांना आता काठीच द्या." आबा हसले नाहीत. मी हसलो.
खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्यासाठी खांद्यापासून बोटापर्यंत माप. घोंगडी काढा म्हटलं, तर म्हणे, "धनगराची घोंगडी आन् तुझी दाढी, दोन्ही मेल्यावरच निघायच्या." पुन्हा हसलो. तशीच वरून पट्टी लावली.

२ फेब्रु.
नवा दस्ता कोरून झाला. आतून पोखरला, दुर्बीण छोटी बसवली. तीन किलोच्या आत! झाडीत चालेल, माळावर चालेल. हे काम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमणार नाही, इथं तरी लिहून ठेवतो. बायकोच्या, नसीमाच्या हातात दिली. "एवढीशी?" म्हणाली. बार उडाला की हलकी रायफल मागं लाथ जास्त मारते. आबांना सांगायचंय.

१४ फेब्रु.
आबांनी घोंगडीवरून खांद्याला लावून बघितली. दुर्बिणीची काच डोळ्यापासून बरोब्बर चार बोटं. "हात परत आला रं माझा." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी.
लाथेचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही. कौतुक चाललं होतं.

२१ एप्रिल
सकाळीच कवठ्याला गेलो, रायफल चालताना बघायला. उकाडा. आबा नुसत्या बंडीवर. मक्याच्या कडेला डुक्कर. एकच बार. दुर्बीण उजव्या डोळ्यात घुसली. डुक्कर पळालं. आबा मातीत बसले, रक्त तोंडात जातंय, तरी रायफल वर धरलेली. माती लागू नये म्हणून. बबन मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यानं ते थांबवलं नाही.
घोंगडी खाटेवर होती, घडी घालून. तिथंच कळलं मला. माप घोंगडीवरून घेतलं, तिच्या जाडीएवढा दस्ता दोन बोटं आखूड झाला. बंडीवर काच थेट डोळ्याला.
रायफल दुकानात आणली.

२४ एप्रिल
पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर. खाली बबननं लिहिलंय, "आबांनी डुकराला डोळा मारला." शंभरेक हसरी तोंडं. त्यातलं एक माझं. सगळ्यांनी टाकलं म्हणून टाकलं. नंतर काढायला गेलो तर आबांनी बघितल्याची खूण.

२९ एप्रिल
बबन आला. रायफल स्वतःच्या नावावर करायचीय. "म्हाताऱ्याचा हात हलला, असं लिहून द्या चाचा. म्हंजी त्यांचा परवाना रद्द हुईल." रायफल खांद्याला लावून बघितली. त्याचा हात बापापेक्षा आखूड. चपखल बसली, हरामखोराला. कारेगावच्या दोघा मित्रांचं काम देतो म्हणाला. टाइप केलेला कागद ठेवून गेला, फक्त सही करायची.
नसीमा आतून ऐकत होती. "त्या दिवशी चहा दिला तेव्हा त्यांच्या अंगावर घोंगडी होती ना?" तिच्यावरच ओरडलो.

३ मे
आबा एकटेच आले, एसटीनं. डोळ्यावर पट्टी, अंगात कणकण, म्हणून एवढ्या उन्हात घोंगडी. "येकदा धरू दे." दिली. घोंगडीवरून खांद्याला लावली. काच पट्टीपासून चार बोटं.
"आज कशी बसली बघ."
मी कानस पुसत राहिलो.
"बबन म्हनतो माझा हात हलला. मला काय आठवत न्हाई. तू हुतास तिथं. हलला व्हय रं?"
कागद गल्ल्याच्या खाली, पेन खिशात. मी म्हटलं, "आबा, आधी चहा घ्या."
उजव्या हातानं बशी उचलून प्यायले. थेंब सांडला नाही. मी बघत होतो, ते त्यांनाही दिसलं. बशी खाली ठेवून उठले, घोंगडी सारखी केली.
"उद्या येतो. तवर आठवून ठेव."