शफीक पुढे आला

९ मार्च २०१४, रवि.
शफीक पुढे आला!
सभेत नेहमीसारखं पास्टर इंग्रजीत, मी शेजारी उभी राहून हिंदीत. समोर सगळी बांगलादेशी पोरं. शेवटी पास्टर म्हणाले, ज्यांना येशूला आपलं जीवन द्यायचंय त्यांनी पुढे यावं. मी हिंदीत सांगितलं. कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून हा उठला, कुबड्या टेकत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना सांगताना मी मधेच रडले. तोही. पास्टरना असा दुभाषी पहिल्यांदाच मिळाला असेल.
बाप्तिस्मा २३ला.

११ मार्च, मंगळ.
रूथला सगळं रंगवून सांगितलं. कार्टी फोनमधून डोकं वर न काढता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "आई, यू कॉल्ड हिम, सो ही केम लाह."
राग आला. पण खोटं कुठे बोलली?
बांधकामाच्या परांचीवरून पडून शफीकचा पाय मोडला तेव्हापासून त्याच्याकडे मीच जाते. आधी हॉस्पिटल, आता यिशुनची कामगारांची डॉर्मिटरी. टॅम्पिनीसच्या घरून, बेटाच्या दुसऱ्या टोकाहून डबा घेऊन, दर सोमवारी आणि शुक्रवारी. मला 'खाला' म्हणतो, म्हणजे मावशी. मावशीनं चारचौघांत बोलावल्यावर कोण बसून राहील?
पण काहीतरी खरंही असेल की.

१४ मार्च, शुक्र.
लेंटचा उपास, ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी. तरी डबा नेला, माशाचं कालवण. गेले तर स्पीकरवर त्याची आई. ती बंगालीत, हा मान खाली घालून हिंदीत सांगतोय. आधी पुष्कळ दुवा दिल्या. म्हणाली, तिथे तूच त्याची आई. मग म्हणाली, या पायामुळे त्याचा जुम्मा चुकतो. कुणी सोबत असेल तर मशिदीत पाठव ना गं त्याला.
म्हटलं, हो, पाठवते.
म्हणजे मी, प्रभूची सेविका, एका आईला तिचा मुलगा मशिदीत पाठवायचं कबूल करून आले! आणि तिला काहीच माहीत नाही. बाप्तिस्म्याचा शब्दही त्यानं काढला नाही. मीही नाही.

१६ मार्च, रवि.
उपासनेनंतर पास्टरना गाठलं. म्हटलं, बाप्तिस्म्याला जरा थांबू या. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, आर यू डाउटिंग हिम, ऑर द लॉर्ड?"
वाईट माणूस असता तर भांडले असते. शफीकचं ऑपरेशन चालू असताना माझ्याशेजारी बाकावर हाच माणूस बसून होता.

१७ मार्च, सोम.
शफीकला सरळ विचारलं, पुढे का आलास?
प्लास्टरची कड खरवडत म्हणाला, "खाला, आप सामने खडा था. आप बुलाया. मैं बैठा रहेगा तो सबके सामने आपका इज्जत?"
माझी इज्जत!
मग घाईघाईनं, "लेकिन दुआ में मेरे को रोना आया ना, वो झूठ नहीं."
नुसती भीड असती तर सोपं होतं.

२१ मार्च, शुक्र.
उपास. जुम्म्याच्या वेळेला त्याला टॅक्सीनं मशिदीपर्यंत सोडलं. कबूल केलं होतं. बाहेर बस स्टॉपवर थांबले. ऊन मी म्हणत होतं. रविवारचा विषय दोघांनीही काढला नाही.

२२ मार्च, शनि.
राहवेना, वार नसताना गेले. सांगून टाकलं: माझ्यासाठी येऊ नकोस. आलास तर तुझ्या मनानं ये. नाही आलास तर पास्टरना मी बघते.
तो म्हणाला, "नहीं आया, तो मंडे को आप आएगा?"
"आएगा बाबा, मच्छी लेके आएगा."
हसला नाही.
बोलून तर आले. पण बसमध्ये बसल्यावर मन खायला लागलं. तो यावा हे मला फार फार हवंय, हे कुणापासून लपवू? नाही आला, तर याच मायेनं जाईन मी? की आजवर गेले ते पुण्य पदरात पडावं म्हणून?
गुडघे टेकले. तो येवो म्हणावं तर त्याची आई डोळ्यांपुढे. न येवो म्हणायला जीभ वळेना. शेवटी एवढंच मागितलं, की सोमवारी डबा भरताना माझा हात आखडू नये.