नावेतली लाल वेणी

लिव्हरपूल, रविवार

प्रिय मॅलकी,

ताई बरी आहे, बाळ पोटभर दूध पितंय. माझी काळजी करू नकोस. तू वेळेवर जेवतोस ना? कोंबड्या आठवणीने कोंडतोस ना?

तळ्यावर पाहुण्यांची गर्दी आहे, रोज कोणाला तरी बेटांवर फिरवतोस, हे वाचून बरं वाटलं. मोठा ट्राउट मासा गळाला लागला म्हणून फोटोही पाठवलास. ताई म्हणाली, "काय मासा आहे गं." मला मासा दिसलाच नाही. तुझ्या नावेत बसून तो मासा हातात धरून हसणारी बाई दिसली. तिच्या टोपीखालून लाल वेणी लोंबतेय, माझ्यासारखीच, फक्त जास्त जाड. फोटो छान आलाय. माझा काढताना नेहमी डोकं कापतोस.

"लाल केसांची बाई नावेत बसली की मासा लागत नाही," हे लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला कोणी सांगितलं? तेव्हापासून मी धक्क्यावरूनच तुझ्या हातात पाव ठेवते आणि हात हलवते. पाहुणीला नाही कसं म्हणणार, असं तू म्हणशील. म्हण. पण बेटावर तिला चहा केलास ना? माझ्या निळ्या कपात?

मी शुक्रवारच्या बोटीने येतेय. शनिवारी नाव मी काढणार, वल्ही मीच मारणार. तू धक्क्यावर उभा राहा आणि हात हलव.

अजून तरी तुझीच,
नोरीन