आतून ठोकलेले खिळे

४ ऑक्टोबर
आले एकदाची स्वतःच्या घरात! चहाची भांडी अजून खोक्यातच आहेत, पुस्तकांची खोकी मात्र आधी उघडली. सामान उतरवताना मुलगा सारखा म्हणत होता, आई, या वयात एकटी कशाला, आमच्याकडे मागची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, तिथे तुझे बिघडलेले पंखे राहतात, त्यांच्या रांगेत मला कशाला बसवतोस? हसला, पण जाताना अट घालून गेला. महिन्याभरात तळघर धड झालं नाही तर घर विकायचं आणि त्याच्याकडे जायचं. मी हो म्हटलं. तळघरात माझी वाचायची खोली होणार आहे.

६ ऑक्टोबर
तळघरात ओल आहे. भिंतींना फळ्या, वर नक्षीचं खोटं छत, खाली गालिचा आणि या सगळ्यामागे कुबट वास. पुस्तकं ठेवली तर बुरशी धरेल. तेव्हा सगळं उखडायचं आणि भिंत उघडी करून वाळू द्यायची. शेजारीण डोकावून गेली. म्हणाली, आधीचे सगळे वरून नवी फळी मारायचे, जुनी कुणी काढली नाही, तुम्हीही तेच करा. का, विचारलं तर म्हणे, इथे असंच करतात. हे गेले तेव्हा मलाही सगळे असंच सांगत होते, विषय काढू नका, मन दुसरीकडे गुंतवा. मला नाही जमत झाकाझाकी. ह्यांची पहार काढली. हे सुतार होते. पहार कुठे घालायची, कुठे रेटायची, हे बघून बघून मला पाठ आहे.

९ ऑक्टोबर
छत उतरलं. गालिचा गुंडाळून बाहेर टाकला. नाकातोंडात धूळ, पण अंगात भलताच जोर आलाय. फळ्यांचा वरचा थर निघाला, मागे आणखी एक जुना थर. त्याच्या रंगावरून हात फिरवला तर बोटाला टोचलं. खिळ्यांची डोकी नाहीत, टोकं आहेत. म्हणजे या फळ्या पलीकडून ठोकल्यात. पलीकडे तर भिंत, आणि भिंतीमागे माती. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, चष्म्याचा नंबर तपासून घे.

११ ऑक्टोबर
जुना थर काल काढला होता. सकाळी बघते तर परत जागेवर. खिळे नवे, चकचकीत. वाटलं, मी घाबरून निघावं म्हणून मुलानेच कुणाला तरी पाठवलं. फोन करून चांगला झापला. तो रडवेला झाला, शपथ घेतली, न्यायला येतो म्हणाला. खबरदार आलास तर, म्हटलं. पुन्हा उखडलं. फळ्या अंगणात जाळल्या.

१२ ऑक्टोबर
भरदुपारी ठोकण्याचा आवाज. भिंतीतून. अगदी हे ठोकायचे तसा, आधी खिळ्यावर हलकेच टकटक, मग दणका. भिंतीला कान लावून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. मग ओरडले, ह्यांना मी माझ्या हातांनी निरोप दिलाय, त्यांचं सोंग करू नकोस. आवाज थांबला. मग दुप्पट जोरात.

१३
पुन्हा फळ्या. या वेळी जिन्याच्या दारावरही, मी खाली असतानाच. टोकं माझ्याकडे. फोन वर राहिला. जवळ ही वही आणि पहार, बस्स. भीती वाटतेय, नाही कशाला म्हणू. पण रागच जास्त.

थोड्या वेळाने
दारावरची एक फळी फोडली. मागे जिना नाही. काळोख. त्यातून एक हात आला – दुसरी फळी लावायला –

धरला. मनगटाला. ह्यांचा नाही. ह्यांचा हात मी डोळे मिटूनही ओळखेन. हा गार, ओला – डाव्या हाताने लिहितेय, उजवा सोडणार नाही – ओढतोय – मीही ओढतेय – खांद्यापर्यंत आलाय – ये, बाहेर ये – माझ्या घरात मला बुजवणारा तू को