लगद्याची टोपली आणि आठ वाजताचा फोटो

आप्पा, आज ११ जानेवारी २०२६, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. स्वयंपाकघराच्या फरशीवर तुमची नात पालथ्या पातेल्यावर भिजलेल्या कागदाचा लगदा थापते आहे आणि मी दोन हात लांब, गॅसच्या टाकीला टेकून बसलो आहे. एका बाजूला थर जाड झाला आहे, दुसऱ्या बाजूला पातेल्याचा जर्मन, तो ॲल्युमिनियमचा पत्रा, अजून दिसतो आहे. माझी बोटं शिवशिवतात. ती दुसऱ्या कामात राहावीत म्हणून हे लिहायला घेतलं.

ती सहा वर्षांची आहे. तिच्या शाळेनं हा महिना मोबाईलमुक्त जाहीर केला आहे. मुलांनी घरी स्क्रीन बघायची नाही, रोज हातानं काहीतरी करायचं, मनातलं बोलायचं. वाचून मला बरं वाटलं होतं. मग खालची ओळ वाचली: पालकांनी रोज रात्री आठच्या आत फोटो ग्रुपवर टाकावा. म्हणजे पोरीनं मोबाईल बघायचा नाही, मोबाईलनं पोरीला बघायचं. सोबत भावनांचा तक्ताही आला. सोमवारी आनंद, मंगळवारी भीती, बुधवारी दुःख, गुरुवारी राग. या बुधवारी एका बापानं व्हिडिओ टाकला. त्याचा मुलगा गावी राहिलेल्या कुत्र्याची आठवण सांगता सांगता रडत होता आणि मागून बापाचा आवाज आला, थांब, परत सांग, पहिल्यापासून. पोरानं डोळे पुसले आणि परत पहिल्यापासून सांगितलं. खाली टाळ्यांची रांग. मला ते बघवेना. तरी एक टाळी मीही दिली, कारण न देणाऱ्यांची नावं कुणीतरी बघत असेल, असं मला सारखं वाटतं.

पण दुसऱ्याच्या बापाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. गेल्या रविवारी तिनं शाडूची चिमणी केली. एक पंख तळव्याएवढा, दुसरा नखाएवढा. मी कंपनीत दिवसभर बाटल्यांवरची लेबलं तपासतो, आप्पा. वाकडं लेबल दिसलं की बाटली बाजूला. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला हे काम मिळालं ते नजरेमुळे आणि शुद्धलेखनामुळे, आणि ती दोन्ही तुमच्या दुकानातली रद्दी वाचून आली. पोरगी हात धुवायला मोरीत गेली तेवढ्यात मी दोन्ही पंख सारखे केले, चोचीला पाणी लावून टोक काढलं आणि फोटो टाकला. ग्रुपवर कौतुकच कौतुक, किती सुबक. बायको म्हणाली, "अहो, मार्क तुम्हाला मिळणारेत का?" पोरगी ओल्या हातानं उभी होती. म्हणाली, "ती वळत होती, पप्पा. वळताना एकच पंख दिसतो." मग म्हणाली, "ही तुमची आहे."

तेव्हापासून ती काहीही करते आणि थांबते. कणकेचा साप करते, उचलून गालाशी धरते, हसते आणि माझ्याकडे बघत तशीच राहते. फोटो होईपर्यंत पापणी हलवत नाही. ते हसू बघून मला माझीच किळस येते. मोबाईल बघून पोरं बिघडतात म्हणतात. माझी पोरगी मोबाईल न बघता बिघडायला लागली होती, आणि बिघडवणारा मी होतो.

गुरुवारी, रागाच्या दिवशी, तिनं विचारलं, "पप्पा, राग किती वाजता करायचा?" आप्पा, मी घड्याळ बघितलं. साडेसातला, असं सांगितलं. साडेसातला तक्त्यावरच्या रागीट चेहऱ्यात लाल रंग भरायचा होता. मी फोन धरून उभा राहिलो. तिनं तक्ता उचलला आणि मधोमध फाडला. मग त्याचे तुकडे, मग शेजारचं वर्तमानपत्र. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तोंडातून तुम्ही बाहेर आलात. म्हणालो, "फाड. पण बारीक फाड."

आई सिव्हिलमधून घरी आलीच नाही, त्या आठवड्यातली गोष्ट. मी सात वर्षांचा. नांदगावच्या दुकानात रद्दीचे गठ्ठे लाथाडतोय, गिऱ्हाईक बघतंय. तुम्ही आधी कानाखाली एक दिलीत. मग जुन्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात टाकलात. "फाड. जेवढं फाडायचं तेवढं फाड. पन बारीक, म्हंजे कामाला येईल." मी दिवेलागणीपर्यंत फाडत होतो. तुम्ही ते तीन दिवस भिजवलंत आणि आईच्या पाट्यावर मेथी घालून वाटायला बसलात. शेजारची काकू दारातून म्हणाली, "आप्पा, आता लुगडं बी नेसा." तुम्ही हसलात आणि वाटत राहिलात. आईबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मीही नाही. टोपली मी थापली. ती जमिनीवर सरळ बसेना. तुम्ही तिला बोटसुद्धा लावलं नाहीत. भिंतीला टेकवून ठेवलीत आणि तिच्यात लसूण ठेवलात. तुम्ही जाईपर्यंत, अकरा वर्षं, आपला लसूण त्या टोपलीत होता.

गुरुवारी आठ वाजता मी फोटो टाकला नाही. शुक्रवारीही नाही, काल शनिवारीही नाही. शाळेतून विचारणा होईल ही भीती आत्ताही आहे. तक्त्याचे तुकडे बादलीत भिजत होते. आज सकाळी मेथी मिक्सरमधून काढली, कारण पाटा आता आमच्याकडे नाही. जर्मन अजून दिसतोच आहे. तिनं मघाशी वर बघितलं, लगद्याचा हात गालाशी नेला आणि विचारलं, "फोटो?" मी म्हणालो, "हातात पेन आहे." तिनं जरा वाट बघितली. मग परत थापायला लागली, आणि आता जीभ बाहेर काढून थापते आहे.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही गेल्यावर सोयरिकीसाठी मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती, तेव्हा ती टोपली मला लाजिरवाणी वाटली. मी लसूण काढला आणि टोपली रद्दीत घातली. काकूला सांगितलं, कसर लागली, किड्यांनी खाल्ली. मेथीच्या लगद्याला कसर लागत नाही, हे मला तुम्हीच सांगितलं होतं.