गोंदणाशेजारचा चट्टा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळपासून मला तुमचीच भीती वाटते आहे. धुळ्याला तुमच्या हाताखाली शिकत असताना वॉर्डात मी एकदा एका म्हातारीचं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून सोबतच्या मुलींना चट्टा दाखवत होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. आवाज न चढवता म्हणालात, "त्यांना विचारलंस?" मग तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत आणि मला त्या आजींची माफी मागायला लावलीत. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

आता जळगावात माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे, आणि सोशल मीडियावर एक पेजही आहे. तिथे मी नव्या डॉक्टरांना शिकवते. तुम्ही नाक मुरडलं असतंत, पण यावलकडच्या एका डॉक्टर मुलीनं ते बघून कुष्ठरोग वेळेत ओळखला, तेव्हा मी दिवसभर हवेत होते. गेल्या महिन्यात रावेरकडच्या एका बाईंच्या हाताचा फोटो टाकला. त्या केळीच्या पॅकिंगला जातात. चुलीचा चटका बसला तरी हाताला कळेना, म्हणून आल्या होत्या. फोटो काढताना मी सांगितलं, औषधानं किती फरक पडतो ते बघायला लागेल. त्यांनी निमूट हात पुढे केला आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, घरी कोनाले कयू देऊ नका. पोरीचं लगन ठरेल हाये."

फोटोत चेहरा नव्हता, खाली कुष्ठरोग असं लिहिलं होतं, त्यांचं नाव नव्हतं. पण चट्ट्याच्या शेजारी गोंदण होतं, जत्रेत गोंदवून घेतलेलं त्यांचं आणि त्यांच्या भावाचं नाव. आपल्याकडे बाईच्या हातावर गोंदण असायचंच, माझ्या आईच्याही होतं. म्हणूनच की काय, माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नाही. काल माझी नर्स मोबाइल घेऊन आली. तीही त्या बाईंच्याच गावची. म्हणाली, "मॅडम, हा फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर आलाय." मी पोस्ट लगेच काढली, पण ग्रुपवर गेलेला फोटो कुठून कुठून काढणार?

आज त्या बाई पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या आहेत. बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईला लग्नाच्या साड्यांचं सांगताहेत, म्हणजे अजून त्यांच्या कानावर काही गेलेलं नाही. मलाच सांगावं लागणार. ते लग्न मोडलं तर माझ्यामुळे मोडेल. आणि त्यांना आत बोलवायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. सकाळी मी एक संमतीपत्र छापून आणलं. फोटो शिकवण्यासाठी वापरायला माझी हरकत नाही, असं त्यात आहे, आणि तारीख मागच्या महिन्याची. मी बोट ठेवेन तिथे त्या सही करतील, काही न विचारता. सर, तो कागद माझ्या खणात आहे, आणि मी तो अजून फाडलेला नाही.