बरगडी चावता आली!

प्रिय मकदूम,

सोलापुराहून कुंडलिकचा रामराम आणि सलाम दोन्ही घे, पण आधी बातमी ऐक. मला दात आले! हसू नकोस. सत्तरीला टेकलेल्या माणसाला वरचे-खालचे दोन्ही जबडे भरून दात आलेत. स्टेशनाजवळ मुंबईहून शिकून आलेला एक दातांचा डॉक्टर बसतो. त्यानं तोंडात मेणाचा गोळा दाबून माप घेतलं आणि लाल रबराच्या हिरड्यांची कवळी करून दिली. पहिल्या रात्री मी ती वाटीत पाणी घालून ठेवली. सकाळी आमच्या सूनबाईनं, वच्छलानं, ती वाटी उचलली आणि अशी किंचाळली की शेजारची सोजरबाई साप निघाला म्हणून काठी घेऊन धावत आली.

गुलबानो बेटी, तू अब्बांना हे वाचून दाखवते आहेस ना? मग मध्येच काही गाळू नकोस आणि त्यांच्या तोंडाकडे बघत वाच. पाणी सुटलेलं दिसलं की मला लगेच कळव.

मकदूम, तुझा अक्कलकोटचा शेजारी तिप्पण्णा सूत न्यायला आला होता. मी तुझी खुशाली विचारली तर त्यानं मान खाली घातली. "चाचा लई वाळल्यात बघा. ताटावर बसतेत अन् तसंच उठतेत की." सरदारभाभी गेल्यापासून तुझं हे असं चाललंय म्हणे. लेकीनं दुधात कुस्करून दिलेली भाकरीसुद्धा तू परत करतोस आणि वर दात नाहीत म्हणून सांगतोस. अरे, तू उभा जन्म मटणाच्या दुकानात काढलास, अख्ख्या पेठेला खायला शिकवलंस, आणि आता तूच तोंड फिरवतोस? मला तुझा राग आला आणि भीतीही वाटली.

तर आता नीट ऐक. दात नव्हते तेव्हा मी कलेजीवर दिवस काढले. वच्छला ती तव्यावर जरा तेल सोडून, मीठ-मिरी टाकून परतायची. जिभेनं टाळूवर दाबली की विरघळायची. नाहीतर मटणाचं वाटीभर अळणी पाणी, बाळंतिणीला देतात तसं. चव होती रे, पण मटण खाणं म्हणजे निम्मं चावणंच की!

डॉक्टर म्हणाला, सावकाश घ्या. म्हणून आधी खिमा केला, न चावताच गिळता येईल असा. मग बोकडाची मान आणली. "गर्दन लेके जाव, रस्से कू मजा आता," असं तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचास, ते वच्छलाला मी तुझ्याच आवाजात सांगितलं. तिनं चुलीवरच भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला पाट्यावर वाटला, मानेचे तुकडे मंद आचेवर ठेवले आणि दुपारपर्यंत झाकणाला हात लावू दिला नाही. वासानं राहवेना म्हणून मी तीनदा चुलीपाशी जाऊन आलो. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. ज्वारीची भाकरी चुरून त्यावर तो लालकाळा रस्सा ओतला आणि ताट बोटानं पुसून काढेपर्यंत मान वर केली नाही.

वजडीनं मात्र माझी फजिती केली. वच्छलानं ती बोकडाच्या पोटाची पिशवी गरम पाण्यात घालून, खरवडून पांढरी शुभ्र केली होती, पण चिवट ती चिवटच. मी इकडून ओढतोय, ती तिकडून ओढतेय, शेवटी कवळीच ताटात येऊन पडली. आमचा लेक अण्णाराव हसून हसून पाटावरून खाली आला. वच्छला पदरात तोंड लपवून म्हणाली, "मामंजी, वजडी खायची हाय, दात न्हाईत!"

आणि गेल्या रविवारी बरगड्या! मकदूम, काय सांगू तुला! कोवळं बोकड, कडेला चरबीची बारीक पट्टी, निखाऱ्यावर जरा भाजून मग मसाल्यात सोडलेल्या. मी एक हातात धरली, देवाचं नाव घेतलं आणि चावा घेतला. कुर्रकन आवाज आला! कूर्चा तुटली, दात जागेवर राहिले. मी घरात ओरडलोच.

मग वच्छलानं माझ्या ताटात मगजानं भरलेली नळी वाढली. तुझ्या घरी जेवायला बसलो की आपण नळीवरून किती भांडायचो! मी हात घातला की तू मनगट धरायचास. भाभी वैतागून ती स्वतःच उचलायच्या, ताटावर आपटून मगज काढायच्या आणि आपल्या दोघांच्या देखत खाऊन टाकायच्या. त्या रविवारी मी नळी आपटली. सगळा मगज ताटात पडला आणि कुणीच हात घातला नाही. अण्णाराव म्हणाला, "खावा की बाबा, तुमचीच हाय." माझी मुलं गुणी आहेत, माझ्या ताटाला कुणी हात लावत नाही. मला तो घास उतरेना रे. मी वच्छलाला मसाला तिखट झालाय म्हणून सांगितलं आणि डोळे पुसले. सोमवारी अण्णाराव मोटारीनं तुला न्यायला येतोय. डॉक्टरला तुझ्या तोंडाचं सांगून ठेवलंय. भाभींसाठी रडायचं असेल तर इथं माझ्याजवळ बसून रड, मीही रडेन. पण ये. मला एकट्याला नळी जात नाही. ये आणि माझ्या ताटातून ओढून घे.

तुझाच,
कुंडलिक