दोनशे काडतुसं आणि गिअरचं ऑइल

१८ जून
ठरलं. शनिवारी आमच्या हौशी सैनिकांच्या कंपनीत सार्जंटची निवड, आणि यंदा मीच. अमेरिकी यादवी युद्धाच्या नकली लढाईत एकोणीस वर्षं साधा शिपाई म्हणून धावलो, पुरे झालं. सगळ्यांसाठी घरी काडतुसं वळणार. फुकट. मग मत कोण नाही देणार?

१९ जून
चाळीस झाली. गोळी नसतेच, कागदाची पुंगळी आणि आत बंदुकीची दारू. तरी हात बसावा लागतो. मार्लीन म्हणाली, जेवायच्या टेबलावर हे नको. तळघरात हलवलं. बायकोला इतिहासाचं काही नाही.

२० जून
पंच्याऐंशी. बोटं काळी.
लढाईच्या मैदानापर्यंतच्या प्रवासासाठी ट्रकच्या गिअरचं ऑइल पाहिलं. इंजिन बंद करून, शांतपणे. मोजायच्या पट्टीवर काठोकाठ. मार्लीन म्हणाली, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर बघायचं असतं. बापाचं गॅरेज होतं म्हणजे हिला सगळं कळतं! ट्रकखाली लाल डाग आहेत. ऑइलही लालच असतं, पण हे शेजारच्या चेरीचे असणार.

२१ जून
दोनशे!
व्हर्ननचा फोन. तोही सार्जंटसाठी उभा आहे. गाडी बिघडलीय, तुझ्याबरोबर येऊ का, म्हणाला. म्हटलं, जागा नाही, काडतुसं आहेत. चांगली जिरवली.

२२ जून, सकाळी ८:१०
चढावर ट्रकचा गिअर पडेना. नुसता आवाज. ऑइल पार संपलेलं. पट्टीच खराब निघाली.

८:४०
कॅप्टन हॉलिसची गाडी थांबली. आत व्हर्नन. फार हळहळले. तंबू घेतला, काडतुसांची खोकी घेतली. मग म्हणाले, माणूस बसेल एवढी जागा उरली नाही रे ऑरिन.

दुपारी १
गणवेशाच्या लोकरी कोटात उकडून निघालोय. टोइंगवाला नाही. माझ्याशिवाय निवड होणार नाही, असं जाताना हॉलिस म्हणालाय. हॉलिस शब्दाचा पक्का आहे.

२३ जून
हॉलिसचा फोन. व्हर्नन सार्जंट. एकमताने. काडतुसं झकास होती, एकही वाया गेलं नाही, पुढच्या वर्षी तीनशे कर, म्हणाला. रडू आलं, खोकलो.
आणखी एक गोष्ट म्हणाला. पहिल्याच फैरीत मेल्याचं सोंग घ्यायला कोणी तयार होईना. एवढ्या लांब येऊन कोण मरेल? म्हणून मेलेल्यांच्या यादीत माझं नाव घातलं. संध्याकाळी ती वाचताना सगळ्यांनी टोप्या काढल्या.
एकोणीस वर्षांत माझ्यासाठी टोपी काढलेली ही पहिलीच वेळ.